न पाहिलेल्या रस्त्याची राखण

ज्या रस्त्याविषयी लिहायला बसले आहे, त्या रस्त्यावर मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तरी नऊ वर्षं मी त्याची राखण केली.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलातून जाणारा तो हायवे. एका टोकाला लाकडाच्या गिरण्यांचं गाव, दुसऱ्या टोकाला खाणींचं. मधे काय, तर स्प्रूसची झाडं. सरळसोट, काळपट हिरवी, खांद्याला खांदा लावून उभी. रात्रभर ट्रक चालवा, ती संपत नाहीत. अधूनमधून गोठलेली तळी, दोनचार पूल, एक पेट्रोलपंप आणि त्याला चिकटलेलं कॉफीचं दुकान. बाकी माणूस नाही, दिवा नाही, मोबाइलला रेंज नाही.

आणि मी बसायचे सिंगापूरला, उबीतल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर. बाहेर कपडे अंगाला चिकटतील असा उकाडा, आत एसी इतका की बारा महिने स्वेटर. बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकखालून एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटी म्हणजे मेट्रो, असं तासाभरात ऑफिसला पोचायचं. नऊला खुर्चीत बसलं की समोरच्या स्क्रीनवर कालची रात्र सुरू झालेली असायची. तिकडे रात्रीचे आठ.

लोक विचारतात, कॅनडाचा रस्ता सिंगापूरहून कशाला सांभाळायचा? उत्तर सोपं आहे. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे लख्ख दिवस असतो. रात्री जागणारा माणूस पेंगतो, चुकतो. त्यापेक्षा जिथे उजेड आहे तिथला माणूस बसवलेला बरा. आमच्या कंपनीचं कामच ते होतं. एकेकटं काम करणाऱ्यांवर लांबून लक्ष ठेवायचं. कुणाकडे खाणीचे पहारेकरी, कुणाकडे पाइपलाइन तपासणारे. माझ्याकडे ट्रकवाले.

पद्धत अशी. प्रत्येक ट्रकमध्ये उपग्रहाशी बोलणारी एक डबी. तिच्यामुळे दर दहा मिनिटांनी ट्रक कुठे आहे ते आमच्या नकाशावर ठिपक्यासारखं दिसायचं. डबीवर हिरवं बटण. ड्रायव्हरनं दर दोन तासांनी ते दाबायचं, म्हणजे ‘मी ठीक आहे’. नाही दाबलं तर आम्ही पंधरा मिनिटं थांबायचं. मग ट्रकमधल्या सॅटेलाइट फोनवर फोन. उचलला नाही तर आसपासच्या ट्रकना निरोप, आणि मग पोलीस. कामाला इंग्रजीत भारदस्त नाव होतं. आमच्या नागपूरकडच्या भाषेत सांगायचं तर ‘पोचलास का रे बाबा’ विचारायचं काम.

मला ते मिळालं तेव्हा मिलिंदला जाऊन वर्ष झालं होतं. मिलिंद माझे पती. तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होते. एका दुपारी कामावरच हृदय थांबलं. मुलगा सिद्धार्थ तेव्हाच मेलबर्नला स्थिरावलेला. तो म्हणाला, ‘आई, कम अँड स्टे विथ अस.’ त्याचं माझं बोलणं असंच. मी मराठीत, तो इंग्रजीत. मी गेले नाही. या घरातली प्रत्येक खुंटी मिलिंदनं ठोकलेली होती. पण त्या घरात दिवसभर बसवतही नव्हतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, पूर्वी एका कारखान्याच्या हेल्पडेस्कवर काम केलेली. या जागेची जाहिरात पाहिली आणि अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, दिवसभर एकटीनं शांत बसून स्क्रीनकडे पाहता येईल का? मी म्हटलं, घरी तेच करते.

सगळे मला आंटी म्हणायचे. आमचा सुपरवायझर एड्रियन, हौगांगला राहणारा चाळिशीचा गृहस्थ, तोही आंटीच म्हणायचा आणि चुका काढायचा.

हे काम नव्वद टक्के काहीच न घडण्याचं असतं. ठिपका सरकतो, बटण दाबलं जातं, ओळ हिरवी होते. उरलेल्या दहात गमतीही होत्या. एकदा एकानं बटण दाबलं नाही, फोन उचलला नाही. मी घामाघूम. शेवटी मागच्या ट्रकवाल्यानं जाऊन पाहिलं, तर हा रस्त्याकडेला टपावर चढून आकाशात नाचणारे उत्तरध्रुवाकडचे हिरवे दिवे बघत उभा. दुसऱ्या एकाच्या वाटेत मूस उभा राहिला. मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, ट्रकच्या काचेपर्यंत उंच. तो हलेना. ड्रायव्हरनं मला फोन करून विचारलं, काय करू? उबीत बसून मी मूसला काय सांगणार! मी म्हटलं, दिवे मंद करा आणि थांबा. त्यानं तसं केलं. वीस मिनिटांनी मूस गेला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

रे नावाचा एक म्हातारा ड्रायव्हर होता. तिथल्याच गिरणीगावचा. पहिल्या सहा वर्षांत त्यानं एकदाही फोन केला नाही. ठरल्या मिनिटाला बटण, बस. त्याचा आवाज कसा आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

आणि याच्या बरोबर उलट गुरमेलसिंग.

गुरमेलसिंग पन्नाशीचे. घर टोरोंटोच्या बाजूला, बायको एका बेकरीत पहाटेपासून कामाला, मुलं कॉलेजात. हे पंधरा दिवस उत्तरेत, आठ दिवस घरी. ट्रकमधून किराणा, भाज्या, दूध असं खाणींच्या गावाला न्यायचे. पहिल्याच आठवड्यात माझं नाव ऐकून त्यांनी विचारलं, “इंडिया से हो, बहनजी?” तेव्हापासून आमचं हिंदी सुरू झालं. बटण दाबायचेच, पण शिफ्ट सुरू करताना फोनही करायचे. “बहनजी, आज सड़क का क्या हाल है?” मी सांगायचे. कुठे बर्फ साफ केलंय, कुठे वारं आहे. मग ते सांगायचे. आज तळ्यापाशी कोल्हा दिसला. कॉफीच्या दुकानातली बाई रजेवर आहे, तिच्या बहिणीची कॉफी म्हणजे नुसतं पाणी. मुलगी म्हणते डॅड, तुम्ही फोनवर ओरडता का. “अब बताओ, जंगल में धीरे बोलूँ तो किसको सुनाई दे?”

मी एक वही केली होती. निळ्या पुठ्ठ्याची. गुरमेलसिंग बोलता बोलता जे सांगायचे ते मी त्यात उतरवायचे. अमक्या पुलानंतर ट्रक थांबवायला जागा आहे. तमक्या चढणीवर नाही. या ठिकाणी खडीच्या खाणीचं तोंड आहे, तिथे लांब ट्रकही वळतो. कंपनीच्या नकाशावर यातलं काही नव्हतं. तीन वर्षांत तो रस्ता मला नागपूरच्या आमच्या गल्लीइतका पाठ झाला.

खरं सांगायचं तर ते फोन मला लागायचे. सकाळी घरून निघताना मी कुणाशी बोललेली नसायचे. दिवसातला माझा पहिला शब्द बऱ्याचदा ‘नमस्ते भाईसाहब’ हाच असायचा. पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

एका जानेवारीत ट्रककंपनीनं आमच्या फोनच्या नोंदी तपासल्या. तक्रार आली. सिंगापूरची बाई ड्रायव्हरांशी गप्पा मारते, एक फोन अकरा मिनिटांचा आहे, एका झोपलेल्या ड्रायव्हरला विनाकारण उठवलं. एड्रियननं मला बोलावून लेखी समज दिली. कागद पुढे सरकवताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं.

“आंटी, थ्री मिनिट्स इनफ ऑलरेडी, लाह,” इथल्या सवयीनं शेवटी ‘लाह’ लावत तो म्हणाला. “ही इज नॉट युवर फ्रेंड. ही इज अ ट्रक.”

साठीला आलेल्या बाईला कुणी कागदावर सही करायला लावावी, याची मला फार लाज वाटली. राग कंपनीचा आला नाही, एड्रियनचाही नाही. गुरमेलसिंगांचा आला. माणसाचं मन कसं असतं बघा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “बहनजी, आज सड़क का...”

मी मधेच तोडलं. इंग्रजीत म्हटलं, “इज धिस अ वर्क कॉल, सर?”

ते म्हणाले, “नो, मॅडम. सॉरी.” आणि फोन बंद.

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. हिरवं बटण मात्र वेळच्या वेळी. मला वाटलं, बरं झालं. संध्याकाळी एमआरटीत बसले तेव्हा तितकं बरं वाटत नव्हतं.

तीन आठवडे असेच गेले. चिनी नववर्ष नुकतंच झालं होतं. एड्रियनच्या टेबलावर संत्र्यांची रास होती आणि ऑफिसात अजून सुट्टीचा आळस होता. तिकडे थंडी उणे एकतीस. अकरा बेचाळीसला गुरमेलसिंगांची ओळ हिरवी झाली. म्हणजे तिकडे रात्रीचे पावणेअकरा. अकरा पन्नासला ठिपका जिथे होता तिथेच होता. थांबले असतील. बारा वाजताही तिथेच.

मी वही काढली. त्या जागेच्या आधी सात किलोमीटरवर थांबायची जागा होती, नंतर अकरा किलोमीटरवर. जिथे ठिपका होता तिथे काही नव्हतं. तिथे वळण होतं आणि दोन्ही बाजूंना खोल चर. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे कुणी थांबत नाही.’

म्हणजे बारा वाजता मला कळलं होतं.

स्क्रीन म्हणत होती, सगळं ठीक आहे. बटण दाबलेलं होतं. पुढचं बटण एक बेचाळीसला. नियमाप्रमाणे तोवर मी काही करायची गरज नव्हती. हात फोनकडे गेला आणि परत आला. समजेचा कागद ड्रॉवरमध्ये होता, पण तेच कारण नव्हतं. मला वाटलं, मी फोन केला तर ते म्हणतील, ‘इज धिस अ वर्क कॉल, मॅडम?’ मी उठून पाणी प्याले. परत बसले. बारा दहाचा ठिपका आला, तिथेच. मी स्वतःला सांगितलं, अजून एक ठिपका बघू.

बारा अठराला मला राहवलं नाही. मी फोन लावला. उपग्रहाचा फोन वाजतो तेव्हा विहिरीत कुणी भांडं आपटतंय असा आवाज येतो. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

“एड्रियन,” मी म्हटलं, “ट्रक उभा आहे, माणूस फोन उचलत नाही.”

तो येऊन स्क्रीन बघून म्हणाला, “बट ही प्रेस ओके, आंटी. मे बी स्लीपिंग. लास्ट टाइम ऑल्सो यू वेक सम्बडी.”

“इथे कुणी झोपत नाही. इथे थांबायला जागाच नाही.”

“हाऊ यू नो?”

मी वही त्याच्यापुढे धरली. मराठीत लिहिलेली, त्याला त्यातलं एक अक्षर कळणार नव्हतं. पण पानं त्यानं उलटली. रेघा, आकडे, छोटी चित्रं. दोन-तीन पानं पाहिल्यावर त्यानं वही माझ्या हातात दिली. टेबलावरचा जेवणाचा डबा उचलला आणि म्हणाला, “आय गो पॅन्ट्री. टेन मिनिट्स. आय नेव्हर सी एनीथिंग.”

जाता जाता दाराशी थांबून म्हणाला, “कॉल हूएव्हर यू वॉन्ट.”

सगळ्यात जवळचा ठिपका रे म्हाताऱ्याचा होता. तो उलट दिशेनं चालला होता, त्या जागेपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर पुढे निघून गेलेला. मी फोन लावला. उचलला गेला. पलीकडे कुणी काही बोलेना. मी कोण, कुठून, सगळं धडाधडा सांगितलं. गुरमेलसिंगांचा ट्रक उभा आहे, फोन उचलत नाहीत, तुम्ही मागे जाऊ शकाल का?

जाड, खरखरीत आवाज आला. “हा लांब ट्रक आहे, बाई. इथे वळत नाही.”

“सहा किलोमीटरवर डाव्या हाताला खडीच्या खाणीचं तोंड आहे. तिथे वळतो.”

“तुम्ही इथल्या आहात का?”

“नाही.”

“ठीक आहे. वळतो,” तो म्हणाला.

मग मी पोलिसांना कळवलं. त्यांची जवळची गाडी दोन तासांवर होती. अॅम्ब्युलन्स खाणींच्या गावातून निघाली, तिलाही तितकाच वेळ. रेचा ठिपका खाणीच्या तोंडाशी गेला, थांबला आणि उलटा फिरला. त्यानंतरची पन्नास मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येत नाही. ठिपका दहा मिनिटांनी एकदाच हलतो. मधल्या वेळात बघायला काही नसतं. एड्रियन कधीच परत येऊन माझ्या मागे खुर्ची ओढून बसला होता. संत्रं सोलून एक एक फोड माझ्यापुढे ठेवत होता. मी एकही खाल्ली नाही.

एक वाजून चोवीस मिनिटांनी रेचा फोन आला. तो धापा टाकत होता.

“सापडला. जिवंत आहे. चरात पडला होता. घोटा मोडलाय. माझ्या केबिनमध्ये घेतलाय. हीटर पूर्ण चालू आहे. डावा पाय बर्फाखालच्या पाण्यात भिजलाय, बूट गोठून दगड झालाय. काय करू?”

आमच्याकडे थंडीच्या इजांचं एक छापील पान असायचं. ते मी वाचून दाखवलं. चोळू नका, शेकोटीला धरू नका, बूट कापून काढा, कोरडं गुंडाळा, जागं ठेवा. रे प्रत्येक वाक्याला “झालं” म्हणायचा. मग मी विचारलं, ते चरात कशाला उतरले?

“खाली एक गाडी आहे,” रे म्हणाला. “झाडांत घुसलेली. त्याला वाटलं आत कुणी अडकलंय. टॉर्च घेऊन उतरला आणि घसरला.”

“मग? आत कोण आहे?”

“कुणी नाही. ती गाडी रविवारपासून तिथे आहे. पोलिसांनी तपासून पिवळी पट्टी बांधली होती, ती बर्फानं झाकली गेली. हा रजेवरून आजच आला. बाकी सगळ्यांना माहीत होतं.”

आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. गुरमेलसिंगांनाही कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या गाडीतल्या माणसाला वाचवायला ते उणे एकतीसमध्ये उतरले आणि दीड तास त्या चरात पडून राहिले. वर ट्रकचे दिवे चालू, इंजिन चालू, आणि फोन वाजतोय. तो वाजताना त्यांना ऐकू येत होता, हे मला नंतर कळलं.

त्यांचा जीव वाचला. डाव्या पायाची तीन बोटं गेली. घोट्यात सळई घातली. ट्रक चालवणं सुटलं.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की सिंगापूर डेस्कनं ठरलेल्या मुदतीच्या तब्बल दीड तास आधी धोका ओळखला. नियमाप्रमाणे वाट पाहिली असती तर माणूस हाती लागला नसता. ट्रककंपनीनं माझं कौतुक करणारं पत्र पाठवलं. एड्रियननं ते मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. माझा फोटो पॅन्ट्रीच्या भिंतीवर लागला. बारा ते बारा अठरा या वेळेबद्दल अहवालात काही नव्हतं. कारण त्या अठरा मिनिटांत मला काय माहीत होतं ते फक्त निळ्या वहीत होतं, आणि वही मराठीत होती.

घरी आले की मी तो वेळ मोजत बसायचे. अठरा मिनिटं. बुकित पंजांगला एलआरटीची गोल फेरी साधारण तेवढ्याच वेळात होते. मिलिंदच्या फोटोशेजारी बुद्धाची लहान मूर्ती आहे. तिच्यापुढे मेणबत्ती लावून बसले तरी डोळ्यांपुढे ठिपका यायचा.

दीड महिन्यानं डेस्कवर एक फोन आला. ट्रकमधून नव्हे, साध्या नंबरावरून.

“बहनजी, मैं गुरमेल. वर्क कॉल नहीं है। पर थँक्यू तो बोलना था।”

मी हेडफोन घट्ट धरला. विचारलं, पाय कसा आहे? म्हणाले, चालतोय, म्हाताऱ्या बैलासारखा. बायकोनं बेकरीची नोकरी सोडलीय, आता दिवसभर रागावते, बरं वाटतं. मग त्यांनी माझे आभार मानायला सुरुवात केली. आपने जान बचाई, वगैरे. मला ते ऐकवेना.

“भाईसाहब, एक मिनट,” मी म्हटलं. “मला बारा वाजताच कळलं होतं. फोन मी बारा अठराला केला.”

“क्यों?”

सगळे फोन रेकॉर्ड होतात हे मला ठाऊक होतं. पण तोंडून निघून गेलं. सांगितलं की समज मिळाली होती, पण कारण ते नव्हतं. तुम्हाला तसं तोडून बोलले होते, त्याची लाज वाटत होती. तुम्ही मला उलट तसंच बोलाल म्हणून फोन करायला हात धजला नाही.

त्यांच्या मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मग ते हळू बोलले. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“बहनजी, नियम है, गाड़ी से उतरने से पहले डेस्क को बताना। फोन मेरे हाथ में था। मैंने वापस रख दिया। सोचा, आप फिर ‘सर’ बोलोगी।”

मी समोरची निळी वही मिटली.

“नीचे गिरा तो पहले पंजाबी में चिल्लाया,” ते म्हणाले. “फिर ऊपर फोन बजा। मुझे पता था आप हो। तो हिंदी में चिल्लाने लगा। पागल जैसा। फोन बंद हो गया, तब भी।”

“भाईसाहब, मला माफ करा.”

“माफ़ी का क्या करूँ, बहनजी,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. “डॉक्टर ने तो बताया नहीं कि कौन सी उंगली कौन से मिनट में गई। कुछ आपकी, कुछ मेरी।” मग नाक ओढल्याचा आवाज आला. “आप अपना खयाल रखना। वहाँ कोई है न आपके पास?”

मी ‘हो’ म्हटलं. ते खोटं होतं.

त्यांचा फोन परत आला नाही, मीही केला नाही. आमच्यात जे होतं ते त्या रस्त्याच्या आधारानंच उभं होतं. तो रस्ता गेल्यावर बोलायला काही उरलं नसावं. किंवा आम्ही दोघंही पुन्हा लाजलो असू.

नंतरची तीन वर्षं मी शंका आली की फोन करायचे. दोनदा पुन्हा समज मिळाली. दोन्ही वेळा सही करताना मला काही वाटलं नाही. झोपेतून उठवल्याबद्दल ड्रायव्हर शिव्या द्यायचे, त्या मी आशीर्वादासारख्या ऐकायचे, कारण शिव्या देणारा माणूस जिवंत असतो. रे मात्र त्यानंतर महिन्यातून एकदा फोन करू लागला. म्हणायचा, “खाणीचं तोंड या वर्षी बर्फानं बुजलंय, वहीत लिहा.” मी लिहायचे. एवढंच आमचं बोलणं.

मग नवी यंत्रणा आली. ट्रक जिथे थांबायला नको तिथे दहा मिनिटं थांबला की ती आपली आपण फोन करते. न लाजता. ती बसवताना तरुण इंजिनिअर माझ्याकडे आले आणि थांबायच्या जागांची यादी मागितली. मी तीन दिवस बसून वही इंग्रजीत उतरवून दिली. ते काम झालं आणि माझं काम संपलं. कुणी मला काढलं नाही. कराराची मुदत संपली, ती वाढवली नाही. शेवटच्या दिवशी एड्रियननं संत्र्यांची पिशवी दिली. हंगाम नव्हता, कुठून आणली देव जाणे.

आता मी घरीच असते. सकाळी खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जाऊन कोपी म्हणजे इथली कॉफी पिते, वर येते. सिद्धार्थ रविवारी फोन करतो. बाकी दिवस लांब असतो.

आमच्याच मजल्यावर टोकाच्या घरात मिसेस को राहतात. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, एकट्या. बारा वर्षांच्या शेजारात आमचं बोलणं लिफ्टपुरतं. रोज सातला त्या दाराबाहेरच्या कुंड्यांना पाणी घालतात, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. गेल्या महिन्यात एका सकाळी कुंड्या कोरड्या होत्या. साडेसात झाले. मी आणखी वाट पाहिली नाही. चपला न घालताच गेले आणि त्यांचं दार ठोठावलं. उघडेना, तेव्हा आणखी जोरात ठोठावलं. शेवटी जाळीच्या दाराआड त्या आल्या, विस्कटलेले केस, डोळे चोळत.

“वाय यू नॉक लाइक पोलीस? आय स्लीपिंग, लाह!”

“सॉरी, आंटी. झाडांना पाणी नव्हतं घातलं तुम्ही.”

“टुडे आय लेझी. कॅनॉट, इज इट?” आळशीपणाही चालत नाही का, असं विचारत त्यांनी दार आपटलं.

मी घरी येऊन चहा टाकला. फार दिवसांनी हात हलका वाटत होता.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मला ताप आला. रात्रभर कणकण होती. पहाटे डोळा लागला तो उन्हं आत आली तरी उघडला नाही. दारावर धाडधाड आवाज झाला तेव्हा जाग आली. भिंत धरत जाऊन दार उघडलं. बाहेर मिसेस को, एका हातात पाण्याची झारी.

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं.

“युवर किचन विंडो क्लोज,” त्या म्हणाल्या. “सेव्हन थर्टी ऑलरेडी.”

मी म्हटलं, जरा ताप आहे, पण ठीक आहे.

“ओके,” त्या म्हणाल्या. “अलाइव्ह.” आणि आपल्या कुंड्यांकडे निघून गेल्या.